पाय बघितल्याशिवाय

आमचे सर मेलेल्या माणसाचं तोंड बघत नसत, पाय बघत. हायवेवरचा अपघात असो, धरणात बुडालेला असो की कड्यावरून घसरलेला असो, सर गर्दीतून वाट काढत पुढे जात, पांघरलेल्या चादरीच्या खालच्या टोकाशी उकिडवे बसत, दोन बोटांनी चादर वर करत, दोन्ही पावलं नीट बघत आणि अंगठ्याला हात लावत. मग उठून खिशातून मोबाईल काढत. तोवर चॅनेलच्या ऑफिसातून सहा-सात फोन येऊन गेलेले असत आणि बाकीच्या चॅनेलांचं 'जागीच ठार' चालवून चहापाणीही झालेलं असे. ऑफिसातली माणसं सरांवर खेकसत. सर शांतपणे म्हणत, "पाय बघितल्याशिवाय मी कुणाला मारत नाही."

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांसाठी ते एका वृत्तवाहिनीचे प्रतिनिधी होते. प्रतिनिधी हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात एक जुनी मोटारसायकल, एक कॅमेरा आणि चॅनेलचं नाव लिहिलेला बूम, म्हणजे माणसांच्या तोंडापुढे धरतात तो माईक, एवढाच सगळा सरंजाम होता. बूम पावसात भिजू नये म्हणून वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्याला लोकरीचं टोपडं विणलं होतं. मोठमोठ्या पुढाऱ्यांसमोरही सर ते टोपडं काढायला विसरत. बाकीच्या पत्रकारांनी त्यांचं नाव 'पायबघे' पाडलं होतं. ते इतकं रुळलं की तालुक्याला नव्याने बदलून आलेल्या एका साहेबांनी ते आडनावच समजून निमंत्रणपत्रिकेवर छापून टाकलं. सर त्या कार्यक्रमाला अगदी वेळेवर गेले.

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान आहे. सर शूटिंग पाठवायला तिथे यायचे. दिसायच्या आधी ते ऐकू यायचे. त्यांना डावा पाय थोडा ओढत चालायची सवय होती, त्यामुळे त्या पायाच्या चपलेची टाच झिजायची, म्हणून त्यांनी तिला लोखंडी पट्टी ठोकून घेतली होती. टक् आणि मग सर्र. मी मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "या सर, नेट चालू आहे." त्यांचं शूटिंग पाठवता पाठवता मी ते कापायला, जोडायला शिकले. पुढे त्यांचा कॅमेरामन पुण्याला बरी नोकरी मिळाली म्हणून निघून गेला, तेव्हा मीच म्हणाले, कॅमेरा मी धरते. आमचे हे पंचायत समितीत नोकरीला, त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर माझं शूटिंग दिसलं आणि यांनी शेजाऱ्यांना बोलावून आणलं. सर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला 'ताई'च म्हणत.

शिवरे गावाजवळ हायवेला एक टेम्पो उलटला होता, ते माझं सरांबरोबरचं पहिलं मोठं काम. रस्त्याच्या कडेला दोघांवर गोणपाट टाकलेलं होतं. सगळे 'दोन ठार' म्हणत होते, पोलीसपाटीलसुद्धा. सर नेहमीप्रमाणे पायाशी बसले. पहिल्याचे पाय बघितले, मान हलवली. दुसऱ्याच्या अंगठ्याला हात लावला आणि हात तसाच ठेवून मला म्हणाले, "ताई, कॅमेरा बंद करा आणि त्या जीपवाल्याला थांबवा." तो माणूस आज शिवऱ्यातच रस्त्याकडेला उसाचा रस विकतो. आम्ही थांबलो की पैसे घ्यायचा नाही, आणि सर त्याच्या पायांकडे बघून घेतल्याशिवाय पेला हातात धरायचे नाहीत. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

श्रावणात एक दिवस सर म्हणाले, "उद्या वेल्ह्याला वर जायचंय. एक बाईट घ्यायची आहे. लागणार नाही, पण घ्यायची." बाईट म्हणजे कॅमेऱ्यापुढे घेतलेलं माणसाचं बोलणं, आणि लागणार नाही म्हणजे टीव्हीवर दाखवणार नाहीत. न लागणाऱ्या बाईटसाठी पेट्रोल जाळणारा पत्रकार मी तोवर पाहिला नव्हता. आम्ही वेल्ह्याच्या बाजारात गाडी लावली, पुढे एका टेम्पोतून गेलो आणि नंतर दीड तास पायी चढलो. तोरण्याच्या मागच्या अंगाला, धुक्यात, सात-आठ घरांची एक वस्ती आहे. शेळ्या-मेंढ्या, चार गुरं, घरांना पावसाच्या बाजूने लावलेल्या गवताच्या झडपा. वस्तीचं नाव सांगत नाही, त्या लोकांना आणखी त्रास नको.

एका घराच्या ओट्यावर आम्हाला घोंगडी अंथरून दिली. घरातल्या बाईने चहा आणला, मला हातात दिला, सरांना हातात दिला. तिसरा पेला घेऊन ती अंगणापलीकडे गेली आणि तिथल्या एका चपट्या दगडावर तो ठेवून, मागे न बघता परत आली. धुक्यातून एक माणूस आला. पन्नाशीचा, डोक्याला मुंडासं, पाय अनवाणी. त्याने तो पेला उचलला आणि दगडाशेजारीच बसून चहा प्यायला. वस्तीतल्या कुणीही त्याच्याकडे बघितलं नाही. कुत्रं मात्र जाऊन त्याच्या पायाशी बसलं.

बाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मालक कुठं गेलेत तुमचे?"

"वारले," ती म्हणाली. "पावसात गेले व्हाळाच्या पाण्यात."

मी बरं म्हणाले. तेवढ्यात सर उठून अंगणापलीकडे गेले, बूमचं टोपडं काढलं (हे त्यांनी आठवणीने केलेलं मी पहिल्यांदाच बघत होते) आणि तो त्या माणसापुढे धरला. मी कॅमेरा चालू केला.

"नाव काय आपलं?"

"धाकू."

"कुठं राहता?"

"हितंच. ह्या घरात." त्याने हात केला तो आम्ही बसलो होतो त्या ओट्याकडे. ती बाई दारात उभी होती.

"जिवंत आहात?"

"व्हय."

"ताई, आता पाय घ्या," सर म्हणाले. मी कॅमेरा खाली नेला. भेगा पडलेले, चिखल वाळलेले दोन साधे पाय होते. मी कॅमेरा तिथेच धरून ठेवला.

उतरताना सरांनी मला सगळं सांगितलं. अर्ध्या वाटेत एक साकव आहे, ओढ्यावरचा लहान पूल. त्याच्या कठड्याला टेकून ते बोलत होते आणि खाली पाणी चाललं होतं. काही वर्षांपूर्वी असाच श्रावण होता. ओढ्याला लोंढा आला होता आणि त्या साकवाला एक घोंगडी अडकलेली सापडली. तांबड्या काठाची, वस्तीतल्या सगळ्यांनी ओळखली, धाकूची. धाकू शेळ्या घेऊन सकाळी गेलेला, परत आलेला नव्हता. सर तेव्हा वेल्ह्याच्या बाजारात होते. एका टेम्पोवाल्याने त्यांना हे सांगितलं आणि त्याच वेळी चॅनेलचा फोन आला. दुसऱ्या एका वाहिनीवर 'एक जण बेपत्ता' चाललं होतं. ऑफिसातल्या माणसाने विचारलं, "बेपत्ता काय, गेलाच असेल ना? गेला म्हणू का?"

"मी हो म्हणालो," सर म्हणाले. "एवढंच म्हणालो, ताई. हो."

नाव सांगितलं, गाव सांगितलं. मागच्या जत्रेत सरांनीच काढलेला धाकूचा फोटो होता, तोही पाठवला. संध्याकाळच्या बातम्यांत वस्तीतल्या एकुलत्या एका टीव्हीवर सगळ्यांनी तो बघितला. फोटोला हार घातलेला, खाली मेणबत्ती हलतेय. बायकोने बांगड्या फोडल्या. पाणी ओसरल्यावर देह मिळाला नाही, म्हणून कुशाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. शेळ्या सांभाळू म्हणाले, पोरीचं लग्न करू म्हणाले, म्हाताऱ्या आईला बघू म्हणाले. कावळे समोरच्या उंबरावर बसून होते, एकही खाली आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. सर तिथे कॅमेरा घेऊन हजर होते. 'कावळाही रुसला' अशी बातमी त्यांनी केली आणि ती फार चालली.

ती क्लिप माझ्याच दुकानातून गेली होती. हे ऐकताना मला आठवलं. ती पाठवताना मी म्हणाले होते, "सर, काय मस्त आलाय तो उंबर." माझी मलाच लाज वाटली आणि अजून वाटते.

तेराव्याला, जेवणं चालू असताना, धाकू वस्तीत आला. शेळ्या बिथरून घाटाखाली उतरल्या होत्या, त्यांच्या मागे तो कोकणात उतरला, घोंगडी वाटेत लोंढ्यात गेली, मागचे ओढे भरले आणि तो खालच्या एका वाडीत अडकून पडला. जवळ मोबाईल नव्हता. त्याला बघून बायका किंचाळल्या नाहीत की कुणी पळालं नाही. पंगत तशीच बसून राहिली. वस्तीतले सगळ्यांत म्हातारे नाना उठले, घरातून पीठ आणलं, अंगणात पसरलं आणि म्हणाले, "ह्येच्यावरनं चाल." भुताची पावलं उलटी उमटतात. धाकू चालला. पावलं सरळ उमटली. नानांनी ती बराच वेळ बघितली.

"पाय सरळ हायती," नाना म्हणाले. "पन कावळा का शिवला न्हाई ते आता कळलं म्हनावं, का ह्येचा जीव हितं अडकून व्हता म्हनावं? समद्या मुलखाला सांगून झालंय का धाकू गेला. ज्या तोंडानं गेला सांगितलं, त्याच तोंडानं आला म्हनून सांगाया पायजे. तवर म्या काय बोलत न्हाई."

सरांना कळलं तेव्हा ते दुसऱ्या दिवशी धावत वर गेले. अंगणात उभं राहून, हात जोडून सांगितलं की माझी चूक झाली, हा धाकूच आहे. नाना म्हणाले, "हितं सांगून काय उपेग? तुमी टीव्हीत सांगितलं व्हतं." सरांनी चॅनेलला फोन केला. ऑफिसातला माणूस हसला. "सर, मेलेल्याची बातमी होते. जिवंत माणसाची बातमी कशी लावू?" सरांनी वरच्या साहेबांना पत्र लिहिलं, पुण्याला जाऊन आले, कुणाकुणाच्या दारात बसून राहिले. कुणी भांडलं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही. आज जागा नाही, उद्या बघू, एवढंच. तेव्हापासून दरवर्षी त्याच दिवशी ते धाकूची बाईट घ्यायचे, स्वतः पुण्याला नेऊन द्यायचे आणि ती लागायची नाही. आणि तेव्हापासूनच ते पाय बघू लागले. पावसाळा आला की मात्र ती जुनी हाराची क्लिप कुणीतरी मोबाईलवर फिरवायचं, ती हिंडत वस्तीवरही पोचायची आणि धाकू पुन्हा एकदा मरायचा.

धाकूने चप्पल घालायची सोडली होती. मी एकदा कारण विचारलं. तो म्हणाला, "घातली का लोक पायाकडं बगत्यात. काय झाकलंय म्हून. उघडं असलं म्हंजे निदान बगून मोकळं व्हत्यात." त्याला कुणी वस्तीतून हाकललं नव्हतं. जेवण वेळेवर दगडावर यायचं, पावसात झोपायला गोठा होता. त्याच्याविषयी सगळे चांगलंच बोलायचे, फक्त तो होता असं बोलायचे. त्याची बायको एकदा त्याच्या समोर मला म्हणाली, "लई गरीब सभावाचा व्हता."

तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझी एक पंचाईत झाली. कॅमेऱ्यात माणसाचं तोंड आलं की त्याभोवती आपोआप एक चौकोन उमटतो. धाकूच्या तोंडाभोवती तो उमटेना. धुकं होतं, त्याने मुंडासं खाली ओढलं होतं, कारणं सगळी आहेत. पण चौकोन त्याच्या मागे गोठ्याच्या मेढीवर, लाकडी खांबावर, जाऊन बसला आणि हलेना. मी तशी घाबरट नाही. तरी दुकानात परत आल्यावर शटर अर्धं ओढून मी त्याच्या पायांचं शूटिंग पुन्हा लावलं, अंगठे कुठल्या बाजूला आहेत ते तीनदा बघितलं आणि नंतर स्वतःवरच चिडले.

त्याच चिडीत मी सरांना एक युक्ती सुचवली. चॅनेलचं नाव, खालची पट्टी, तांबड्या अक्षरांतलं 'ताजी बातमी', सगळं मी माझ्या कॉम्प्युटरवर करू शकत होते. दोन मिनिटांची क्लिप करू, वस्तीवरच्या मोबाईलवर पाठवू, लागलं म्हणून सांगू. कुणाला कळणार आहे? सर माझ्यावर रागावलेले मी तेव्हा एकदाच पाहिले. आवाज चढवला नाही, फक्त उठून उभे राहिले. "एकदा न बघता सांगून मारलं त्याला. आता खोटं दाखवून जिवंत करू? मग ताई, जो उठेल तो कोण असेल?" आणि निघून गेले. चार दिवस दुकानात टक् आणि सर्र ऐकू आलं नाही. पाचव्या दिवशी आले तेव्हा वहिनींनी केलेल्या कानवल्यांचा डबा आणला होता.

मी घेतलेल्या बायटी सगळ्या माझ्याकडे आहेत. कॉम्प्युटरवर आवाजाची एक रेघ दिसते, बोललं की ती उंच होते, थांबलं की सपाट. पहिल्या बायटीत 'जिवंत आहात?' आणि 'व्हय' यांच्यात फट नाही. पुढच्या वर्षी थोडी आहे. दर वर्षी ती सपाट रेघ थोडी लांबत गेली आहे. एका वर्षी धाकू उत्तर देण्याआधी दाराकडे, बायकोकडे बघतो. एका वर्षी स्वतःच्या पायांकडे. शेवटच्या वर्षीची रेघ इतका वेळ सपाट आहे की मशीन बंद पडलं असं वाटावं. मग धाकूचा आवाज येतो, "तुमी सांगा सायेब. पयलं बी तुमीच सांगितलं व्हतं." त्यानंतर सरांचा आवाज नाहीच. नुसता वारा आहे.

त्या दिवशी उतरताना सर साकवावर थांबले नाहीत. खाली आल्यावर म्हणाले, "तो विसरायला लागलाय, ताई. आपल्याला फार वेळ नाही." मला वाटलं, ते धाकूबद्दलच बोलताहेत.

पुढच्या उन्हाळ्यात सरांना पुण्याला दवाखान्यात ठेवलं. मूत्रपिंडं दोन्ही गेलेली, कुणाला कळू दिलं नव्हतं. एका सकाळी माझ्या मोबाईलवर धडाधड फोटो यायला लागले. सरांचाच फोटो, बूम हातात, भोवती फुलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तालुक्यातल्या सगळ्या गटांवर तेच. ज्यांनी त्यांना पायबघे म्हणून चिडवलं त्यांनी तर परिच्छेद लिहिले होते. मी वहिनींना फोन लावत होते, त्या उचलत नव्हत्या. मिळाली त्या एसटीने पुण्याला गेले.

सर खाटेवर होते, नाकात नळ्या, डोळे मिटलेले. वहिनी डॉक्टरांकडे गेल्या होत्या. तोंडाकडे बघून मला काही कळेना. मी खाटेच्या पायथ्याशी गेले, चादर दोन बोटांनी वर केली आणि अंगठ्याला हात लावला. कोमट होता. तेवढ्यात तो हलला.

"बघितलेत?" सर म्हणाले. नळीमुळे आवाज नीट फुटत नव्हता, पण डोळे हसत होते.

मी तिथेच, त्यांचे पाय धरून रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग जवळ बोलावलं. "माझी बातमी तुम्हीच देणार. थेट देतील, आपल्या माणसाला तीस सेकंद देतात. त्यात मला दहा पुरेत." श्वास घेतला. "उरलेल्यात धाकूला बसवा."

दीड दिवसाने ते गेले. या वेळी मी पुन्हा पाय बघितले. मग वस्तीवर फोन लावला. धाकूच्या बायकोने उचलला. धाकूला द्या म्हणाले. तिने तो दगडावर नेऊन ठेवला असावा, कारण मध्ये बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. शेवटी धाकू बोलला. मी सांगितलं.

"परवा बी मोबाईलवर आलं व्हतं," तो म्हणाला. "म्या मानलं न्हाई. तुमी पाय बगितलं का?"

"बघितले."

"मंग येतो."

फोन ठेवायच्या आधी मी त्याला नानांना निरोप द्यायला सांगितलं, की उद्या सकाळी अकरा वाजता टीव्ही लावून ठेवा. "म्या सांगून कसं चालंल? तुमीच सांगा त्यास्नी," म्हणाला. मग मी नानांच्या घरी वेगळा फोन केला.

दोन एसट्या बदलून धाकू भोरला आला. सरांना अंगणात ठेवलं होतं. तो गर्दीतून आला, तोंडाकडे गेलाच नाही, पायाशी उकिडवा बसला, पांढरं कापड दोन बोटांनी उचललं आणि बघितलं. अगदी सरांसारखं. भोवतीचे लोक त्याच्या उघड्या पायांकडे बघत होते.

अकराच्या बातम्यांत आम्हाला घेतलं. मी मोबाईल अंगणाच्या कठड्यावर उभा केला, टोपडं काढून बूम हातात धरला आणि धाकूला शेजारी ओढलं. सरांचं निधन झाल्याचं सांगितलं. मी स्वतः पाहून सांगते आहे, असंही म्हणाले. मग म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी आमच्या सरांनी याच वाहिनीवरून वेल्हे तालुक्यातले धाकू ओढ्यात वाहून गेले अशी बातमी दिली होती. ती चुकीची होती, हे त्यांनीच मला सांगायला लावलं आहे. धाकू जिवंत आहेत. हे माझ्या शेजारी उभे आहेत." स्टुडिओतली निवेदिका काहीतरी विचारू लागली. मी मोबाईल उचलून खाली केला आणि धाकूचे पाय दाखवले. मग तिकडून जोडणी तुटली. ऑफिसातून नंतर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी लगेच वस्तीवर फोन लावला आणि धाकूला ऐकू यावा असा मोठा आवाज केला. एका टीव्हीपुढे सगळी वस्ती बसल्याचा श्वास तेवढा येत होता. मग नाना खोकले. म्हणाले, "सांगितलं. ज्यानं सांगायचं त्यानंच सांगितलं. आता हाय म्हनायचं." त्यांच्या मागून धाकूच्या बायकोचा आवाज आला. तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही, फोनमध्येही बोलली नाही. कुणाला तरी म्हणाली, "त्यास्नी म्हनावं, सांजच्याला जेवाय घरात या."

धाकूने माझ्याकडे बघितलं. "ऐकलं का तुमी?" त्याने विचारलं. मी ऐकलं म्हणाले. तरी त्याने दोनदा विचारलं.

सरांच्या दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवून लोक मागे सरले नाहीत तोच कावळा शिवला. गुरुजीही दचकले. तेराव्याला धाकू पुन्हा आला. गेलेल्या माणसाच्या नावाने छत्री आणि वहाणा द्यायची पद्धत आहे. वहाणा नव्या आणतात. वहिनींनी नव्या आणल्या नव्हत्या. सरांच्याच चपला धुऊन, पुसून दाराशी ठेवल्या होत्या आणि धाकू जेवून निघाला तेव्हा त्या त्याच्यापुढे सरकवल्या. म्हणाल्या, "घाला. यांना बरं वाटेल."

धाकूने आधी स्वतःचे पाय बघितले, मग वहिनींकडे, मग माझ्याकडे. "आता झाकलं तरी चालतंय," असं म्हणाला आणि घातल्या. वहिनी आत वाढायला गेल्या. मी पंगतीत पाणी घेऊन फिरत होते.

अकरा वर्षं अनवाणी चाललेल्या माणसाला चपला घालून चालणं जमेना. तो पाय ओढत होता. बाहेर गल्लीतल्या दगडांवर टक् झालं आणि मग सर्र. पुन्हा टक् आणि सर्र. आत वहिनींचा हात पानावर तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तांब्या खाली ठेवला आणि दारात गेले. चपला सरांच्या होत्या, पावलं धाकूची होती. अंगठे सरळ पुढे होते आणि तो एसटी स्टँडकडे, घरी जायला, निघाला होता. मी नीट बघून घेतलं आणि आत येऊन वहिनींना सांगितलं.